चुकांची मोजणी

वरून पत्र आलंय: तीन चुका झाल्या की खातं बंद.
उघडायचं ते लेखी अर्ज घेऊन.
परभणीच्या या बियाणे तपासणी प्रयोगशाळेत
संगणकवाला मी एकटाच, तोही कंत्राटी,
त्यामुळे हा आकडा माझ्या बोटाखाली आहे.

तीन रकाने असतात.
किती चुका.
किती वेळ बंद.
आणि जुन्या चुका किती वेळानं विसरायच्या.
तिसरा रकाना कुणी वाचत नाही.
पत्रातही तो नव्हता.

मन्मथप्पा धनुरे सकाळी ओल्या हातानं येतात,
मुगाचे कागद नुकतेच गुंडाळून ठेवलेले,
आणि एका बोटानं
मागच्या तिमाहीचा पासवर्ड टाकतात.
मग त्याच्याही आधीचा.
मग परत पहिलाच, पण जोरात,
बहिऱ्याशी बोलावं तसा.
"ह्ये मला वळखंना गेलंय," म्हणतात,
"अठ्ठावीस वर्षं झाली की मला हितं."

रात्रीची नोंद मी दुपारी वाचतो,
कूलरात पाणी ओतून झालं की.
दोन वाजून दहा मिनिटं.
कुणीतरी, कुठूनतरी,
ॲडमिन म्हणून आत यायला बघतंय.
मग टेस्ट म्हणून. मग गेस्ट.
सेकंदाला चार वेळा. ना खोकला, ना जांभई.
बनी तो बनी, नहीं तो पुढचं दार.
त्याला परभणी कुठं आहे हेही ठाऊक नसणार.

परवा त्याला कुठूनसं धनुरे हे नाव सापडलं.
तीनदा ठोकलं, खातं बंद पडलं,
ते आपलं पुढं निघून गेलं.
सकाळी दहाला
ज्याचं दार त्यानंच अर्ज लिहिला:
विनंती की मला आत घ्यावे.
खाली सही, सहीखाली तारीख,
तारखेवर ओल्या अंगठ्याचा डाग.

मशीनकडं चुकीसाठी एकच शब्द आहे.
विसरला तो आणि चोरायला आला तो
एकाच ओळीत, एकाच लाल रंगात.

पलीकडच्या खोलीत, मोजणीच्या टेबलावर,
न उगवण्याला मात्र बरीच नावं आहेत.
आठव्या दिवशी मन्मथप्पा कागद उलगडतात.
शंभरातले ब्याऐंशी वर आलेले,
पांढऱ्या मुळ्या एकमेकींत अडकलेल्या.
उरलेले चिमट्यानं एकेक दाबून बघतात.
"मेलेलं असलं की पचकतंय.
ह्ये बघा, टणक हाय.
पानी आत गेलं न्हाई, एवढंच.
ह्याला कठीण बी म्हनायचं."
मी विचारलं, मग हे नापासात का?
ते हसले. "न्हाई ओ,
उगवनीतच धरायचं ह्याला."

त्या संध्याकाळी लाइट गेली,
इन्व्हर्टर दर मिनिटाला ओरडत होता,
आणि मी कुलूप काढून टाकलं.
त्याच्या जागी थांबणं बसवलं.
पहिल्या चुकीला एक सेकंद,
दुसरीला दोन, तिसरीला चार, मग आठ.
दहाव्या चुकीनंतर साडेआठ मिनिटं.
ओल्या हाताच्या माणसाला कळणारही नाही,
टॉवेल शोधेपर्यंत जातात तेवढी.
रात्रीच्या त्या घाईवाल्याला मात्र
अख्खी रात्र पुरायची नाही.
तिसऱ्या रकान्यात लिहिलं: पंधरा मिनिटं.
पंधरा मिनिटांत सगळं माफ.
लाल अक्षरातलं 'अवैध वापरकर्ता' पुसलं,
तिथं लिहिलं: पुन्हा बघा, घाई नाही.

वरच्या पत्राला उत्तर दिलं:
आदेशानुसार कार्यवाही करण्यात आली आहे.
हे अगदीच खोटं नाही.
मार्चअखेर माझी मुदत संपते.
नंतर येणारा पुन्हा तीन लिहील कदाचित.

सकाळी मन्मथप्पा आले, बसले, चुकले.
परत चुकले.
पडद्यावरचं वाचलं, चष्मा वर करून परत वाचलं.
"सायब, ह्ये थांबायलंय का?"
विचार करतंय, मी म्हणालो.
"करू द्या मग," म्हणाले,
आणि खिशातून मुगाचा एक दाणा काढून
नखानं दाबून बघत बसले.
चौथ्या वेळेला उघडलं.